ताटाची डावी बाजू

“लिंबू विसरलीस का गं?”

आत्यानं तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी तिच्या ताटाकडे नीट पाहिलं. लिंबाची फोड होती. खोबऱ्याची चटणी होती, काकडीची कोशिंबीर होती, लोणचं होतं. सगळं मिठाच्या डाव्या हाताला, तिनंच मला परकरात असताना शिकवलेल्या क्रमानं वाढलेलं. उजवीकडची मटकीची उसळ संपली होती, आमटीची वाटी रिकामी होती, आणि भाताची मूद सुरीनं मधोमध कापावी तशी अर्धी उभी होती. डावी अर्धी.

“भातसुद्धा कमीच वाढलास,” ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती, भूक होती.

मी काही न बोलता ताट अर्धं फिरवलं. ती बघतच राहिली. “अगं बाई, हे कधी वाढलंस?”

तिला पॅरालिसिसचा झटका येऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते. मेंदूच्या उजव्या बाजूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली आणि डावा हात, डावा पाय लुळा पडला. बोलणं शाबूत राहिलं. ३४ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलेल्या बाईचं बोलणं राहिलं म्हणजे जवळजवळ सगळंच राहिलं, असं आम्ही एकमेकांना सांगत होतो. पावकी, निमकी ती न अडखळता म्हणत होती. भाचरांचे वाढदिवस पाठ होते. डोळेही तपासून झाले, डोळ्यांत दोष नव्हता. आणि तरी ताटाची, खोलीची, माणसांची डावी बाजू तिच्यापुरती जगातून उठून गेली होती.

हे मला आधीच कळायला हवं होतं. साताऱ्याच्या इस्पितळात तिला आयसीयूतून बाहेर आणलं त्या दुपारी मी तिच्या डाव्या बाजूला स्टुलावर बसले होते. तिचा डावा हात माझ्या दोन्ही हातांत होता. पलंगाच्या उजवीकडे माझा चुलतभाऊ उभा होता. त्याला ती म्हणाली, “तिला कळवलं नाहीत का रे? कळलं असतं तर आली असती.” मी म्हटलं, “आत्या, मी इथंच आहे.” तिनं आवाज ऐकला आणि मला उजवीकडे शोधू लागली. दारापाशी, खिडकीपाशी, भावाच्या पाठीमागे. मी उठले, पलंगाच्या पायथ्याकडून वळसा घेऊन चालू लागले. तिच्या पावलांच्या जरा पुढे गेले असेन नसेन, तिचा चेहरा फुलला. “कधी आलीस?”

तासभर झाला होता मला येऊन. तासभर मी तिचा हात धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी न्यूरोलॉजिस्टनी एक चाचणी केली. त्यांनी समोर उभं राहून दोन्ही हात पसरले, तिला त्यांच्या नाकाकडे बघत राहायला सांगितलं आणि तिच्या उजवीकडचं एक बोट हलवलं. “हललं,” आत्या म्हणाली. मग फक्त डावीकडचं. जरा वेळ लागला, पण तेही “हललं.” मग दोन्ही बोटं एकदम. “उजवं हललं.” आणि डावं? “डावं नाही हललं.” पुन्हा एकटं डावं हलवलं, तर दिसलं. पुन्हा दोन्ही, तर फक्त उजवं. चार-पाच वेळा हेच झालं. मी भिंतीला टेकून उभी होते. माझ्या समोर एक बोट असण्या-नसण्याच्या मध्ये ये-जा करत होतं, आणि ते हलत होतं हे खोलीतल्या सगळ्यांना दिसत होतं.

म्हणजे डावीकडचं बोट तिला दिसू शकत होतं. डोळ्यापासून मेंदूपर्यंतचा रस्ता उघडा होता. पण उजवीकडे दुसरं काही असलं की डावीकडचं त्या चढाओढीत हरायचं. आणि हरलेलं बोट अंधुक होत नव्हतं, फिकं पडत नव्हतं, ते नसायचंच. अशी चढाओढ आपल्याही मेंदूत अखंड चालू असते, फक्त आपल्याकडे दोन्ही बाजूंना राखण असते. मेंदूचा उजवा अर्धगोल जगाच्या दोन्ही बाजूंकडे लक्ष ठेवतो, डावा मुख्यतः उजवीकडे, असं या विषयातले बरेच जण मानतात. डाव्या मेंदूला इजा झाली तर उजवा सांभाळून घेतो. उजव्याला, विशेषतः कानाच्या वर-मागे असलेल्या पराइटल लोबला किंवा त्याच्या आसपास इजा झाली, तर डाव्या बाजूला वाली राहत नाही. म्हणून हा त्रास बहुतेक वेळा डावीकडचाच असतो.

फाइलवर शब्द होता ‘लेफ्ट नेग्लेक्ट’. मी घरी सांगताना म्हटलं, डाव्या बाजूकडे दुर्लक्ष होतंय. आणि म्हणता म्हणताच थांबले. दुर्लक्ष करायला आधी ती गोष्ट आहे हे माहीत असावं लागतं. दारावरच्या विक्रेत्याकडे आपण दुर्लक्ष करतो, कारण तो दारात आहे याचं आपल्याला पुरेपूर भान असतं. आत्या लिंबाकडे दुर्लक्ष करत नव्हती. तिच्या जगात लिंबू नव्हतंच. आपल्या भाषेत लक्ष, भान आणि शुद्ध असे तीन शब्द आहेत, आणि त्यांतला फरक मी आयुष्यभर नुसता वापरत होते, मला तो ठाऊक नव्हता. शुद्ध हरपते ती अपघातात. भान हरपतं ते भजनात, म्हणजे जेव्हा लक्ष अगदी पूर्ण लागलेलं असतं तेव्हा. आत्या पूर्ण शुद्धीवर होती. डॉक्टर रोज तपासत, तारीख विचारत, ती सांगे. शुद्ध सगळी, भान अर्धं.

नसलेली बाजू तिला कशी वाटत असेल, हे मी खूप दिवस समजून घ्यायचा प्रयत्न केला. आधी मी डोळ्यासमोर अर्धा काळा पडदा आणायचे. ते चूक होतं. पडदा असता तर तिला पडदा दिसला असता, तिनं कुरकुर केली असती. मग एकदा वाटलं, माझ्या डोक्याच्या मागे आत्ता मला काय दिसतं? काळोख नाही. भिंत नाही. तिथं दिसण्याजोगी जागाच नाही, आणि त्या नसण्याचं मला काही वाटतही नाही. आत्याच्या डाव्या बाजूचं तसं झालं असावं. तेव्हापासून लक्षाला विजेरीची उपमा देणारं कुठलंही लिखाण मला पटेनासं झालं. विजेरी म्हटलं की खोली आधीपासून आहे, आपण फक्त प्रकाशाचा झोत फिरवतो, आणि झोताबाहेर अंधार आहे हे आपल्याला कळतं. आत्याकडे बघताना असं वाटे की लक्ष गेलं तेव्हा खोलीचा तेवढा भागच गेला.

आणि ही खोली बाहेरचीच असते असंही नाही. १९७८ साली मिलानमधल्या एदोआर्दो बिसियाक आणि क्लाउदिओ लुझाती यांनी असाच त्रास असलेल्या दोन रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. रुग्ण मिलानचेच, शहराचा मोठा चौक, पियात्सा देल दुओमो, त्यांना चांगला माहीत. त्यांना सांगितलं, कल्पना करा, तुम्ही चौकात कॅथेड्रलकडे तोंड करून उभे आहात. काय काय दिसतं? त्यांनी त्या जागेवरून उजव्या हाताला येणाऱ्या गोष्टी सांगितल्या, डावीकडच्या जवळजवळ नाहीतच. मग सांगितलं, आता कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर उभे राहून उलट बाजूला बघा. आता त्यांनी आधी गाळलेल्या इमारती आणि दुकानं सांगितली, आणि मघाशी सांगितलेल्या गाळल्या. आठवण पूर्ण होती. तिच्याकडे मनानं बघतानासुद्धा डावी बाजू हाती लागत नव्हती.

हे वाचल्यावर मी एक गोष्ट केली. ती करायला नको होती असं मला कधी कधी वाटतं. वाईच्या वाड्यात आत्याचं सगळं आयुष्य गेलं. मी म्हटलं, “आत्या, तू दिंडीदरवाजातून नुकती आत आली आहेस असं समज. काय काय दिसतं, सांग बरं.” तिनं डोळे मिटले. तुळशीवृंदावन सांगितलं, पडवीतला झोपाळा सांगितला, त्याची करकरणारी कडी, स्वयंपाकघराची खिडकी आणि तिच्यात वाळत घातलेली चिंच. सगळं उजव्या हाताचं. “अजून?” “बास, एवढंच.” मग मी तिला मनानंच ओसरीवर नेलं आणि रस्त्याकडे तोंड करायला सांगितलं. विहीर आली. पारिजातक आला, न्हाणीघर आलं, बंब आला. झोपाळा गेला. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात किती खाली जायचं हे ती कौतुकानं सांगत होती, आणि मला पुढचं काही ऐकू येईना. अर्ध्या मिनिटापूर्वी तिच्या अंगणात विहीर नव्हती.

ती विहीर तेवढा वेळ कुठे होती? मेंदूत होती, हे उघड आहे. नाहीतर ती परत आली कुठून? म्हणजे एखादी गोष्ट आपल्यात असू शकते, शाबूत, पाण्याच्या पातळीसकट, आणि आपल्याला तिचं भान नसतं.

जॉन मार्शल आणि पीटर हॅलिगन यांनी १९८८ साली लिहिलेला एक प्रसंग यासाठीच मला फार जवळचा वाटतो. त्यांच्या रुग्ण बाईला त्यांनी घराची दोन चित्रं दाखवली. दोन्ही घरं सारखीच, फक्त एकाच्या डाव्या बाजूनं लालभडक ज्वाळा निघत होत्या. बाईंना दोन्ही चित्रं अगदी सारखी वाटली. मग विचारलं, यांतल्या कुठल्या घरात राहायला आवडेल? प्रश्न खुळा आहे, घरं तर सारखीच आहेत, असं त्यांचं म्हणणं. पण निवडताना बहुतेक वेळा त्यांनी न जळणारं घर निवडलं. आग कुणीतरी पाहिली होती. त्या बाईंनी पाहिली नव्हती. पुढे इतर रुग्णांवर हेच करून पाहिलं तेव्हा निकाल इतके स्वच्छ आले नाहीत. काहींनी तर जळणारंच घर पसंत केलं. पण २००० साली लंडनमध्ये गेरेंट रीस आणि सहकाऱ्यांनी, आत्यासारखंच दोन गोष्टींपैकी डावी हरवणाऱ्या एका रुग्णाच्या मेंदूचं चित्रण केलं. डावीकडची आकृती दिसली नाही असं तो सांगत होता त्या वेळीही त्याच्या उजव्या मेंदूतला दृष्टीचा भाग तिला प्रतिसाद देत होता.

इथं मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे. झटक्याच्या साधारण दोन आठवडे आधी आत्याचा फोन आला होता. मी फोन कानाशी धरून लॅपटॉपवर काम करत होते आणि “हं, हं” म्हणत होते. त्या बोलण्यातलं मला काही आठवत नव्हतं. इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, आधी काही लक्षणं होती का? मी नाही म्हटलं. आणि त्या रात्री, तिच्या पलंगाशेजारी जागी असताना, तिचा आवाज जसाच्या तसा वर आला: “अधनंमधनं डावा हात बधिर होतो गं, मुंग्या आल्यासारखं होतं, आणि जातं.”

ते वाक्य माझ्यात शिरलं होतं. मी ते ऐकलं होतं का? ज्या क्षणी ते माझ्या कानावर पडलं त्या क्षणी मला त्याचं भान होतं आणि लगेच पुसलं गेलं, की भान नव्हतंच आणि ते कुठल्या तरी खोल कप्प्यात आपसूक जाऊन पडलं? हा प्रश्न माझ्यापुरता राहिलेला नाही, संशोधकही यावर भांडतात. १९९९ साली डॅनियल सायमन्स आणि क्रिस्टोफर शाब्री यांनी चेंडूचे पास मोजायला सांगून दाखवलेल्या चित्रफितीत गोरिलाच्या वेशातलं माणूस मधोमध येऊन छाती बडवून गेलं आणि साधारण निम्म्या प्रेक्षकांना ते दिसलं नाही. हा प्रयोग आता बहुतेकांना माहीत असतो. त्याच वर्षी जेरेमी वुल्फ यांनी म्हटलं की लोकांना दिसत असेलही, पण लक्षाची पकड नसल्यामुळे दिसलेलं तत्क्षणी विसरलं जात असेल. बाहेरून बघणाऱ्याला यांतलं काय झालं हे ओळखता येणं फार कठीण. आतून मलाही येत नाही.

मात्र तज्ज्ञ माणूस यातून सुटतो, अशी समजूत असेल तर ती २०१३ साली गेली. फुप्फुसांचे सीटी स्कॅन वाचणाऱ्या २४ रेडिओलॉजिस्टना गाठी शोधायला दिल्या आणि त्या चित्रांत गोरिला टाकला, नेहमीच्या गाठीच्या ४८ पट मोठा. २० जणांना तो दिसला नाही. त्यांच्या नजरेचा माग काढला तेव्हा त्यांतल्या १२ जणांची नजर थेट त्याच्यावर पडून गेलेली आढळली. डोळा तिथं होता, भान गाठीपाशी.

आपल्याकडे नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, हाच वाद जेवणाच्या उदाहरणावर घातला होता, हे मला ताटाच्या निमित्तानं परत आठवलं. न्यायसूत्रांत मनाची खूण अशी सांगितली आहे की अनेक ज्ञानं एकाच वेळी उपजत नाहीत. डोळे, कान, नाक सगळे उघडे असले तरी मन अणूएवढं, ते एका वेळी एकाच इंद्रियापाशी असतं. यावर आक्षेप असा: तळलेली, कुरकुरीत, लांबलचक शष्कुली खाताना ती दिसते, तिचा कडकड आवाज येतो, वास येतो, चव लागते, स्पर्श कळतो, हे सगळं एकदमच होत नाही का? उत्तर असं की एकदम झाल्यासारखं वाटतं. कमळाच्या शंभर पाकळ्यांची चळत सुईनं टोचली तर सगळ्या एकाच वेळी टोचल्या असं वाटतं, पण सुई एकेका पाकळीतून क्रमानंच जाते. मला हे उत्तर फार सुंदर वाटतं. १९९२ साली जेन रेमंड, किम्रॉन शपिरो आणि कॅरन अर्नेल यांनी पडद्यावर झरझर अक्षरं दाखवून ती सुई जणू हळू केली. ठरवलेलं पहिलं अक्षर टिपलं की त्यानंतर साधारण पाव ते अर्ध्या सेकंदाच्या आत येणारं दुसरं बऱ्याचदा दिसतच नाही. लक्षाची पापणी मिटते, डोळे उघडेच असतात.

मग लक्ष आणि भान एकच का? क्रिस्टोफ कॉख आणि नाओत्सुगु त्सुचिया यांनी २००७ साली ठामपणे मांडलं की नाही, या दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत. त्यांच्या बाजूनं सगळ्यात बोलका पुरावा मला दृष्टी गेलेल्या माणसांचा वाटतो. मेंदूतल्या दृष्टीच्या भागाला इजा होऊन ज्याला एका बाजूचं काहीच दिसत नाही असा रुग्ण, त्याला त्या आंधळ्या बाजूला खुणेनं लक्ष द्यायला लावलं तर तिथल्या वस्तूबद्दल त्याची ‘अंदाजे’ दिलेली उत्तरं लवकर येतात. लक्ष पोचलं, भान नाही आलं. उलट बाजूचे म्हणतात, ते असेल. पण लक्षाशिवाय भान आलेलं दाखवा. तिथं पुरावा डळमळतो. माझा कल या दुसऱ्यांकडे आहे, आणि त्याचं कारण प्रयोगशाळेत नाही, आत्याच्या पलंगापाशी आहे. लक्ष असूनही भान नसेल, हे मी मानते. पण लक्ष गेल्यावर भान मागे राहिलेलं मी पाहिलं नाही. मी तिचा हात धरून बसले होते.

गेलेली बाजू थोडी परत आणता येते. कित्येकदा ती काही महिन्यांत आपणहून बरीच सावरते. डाव्या कानात थंड पाणी सोडलं तर काही रुग्णांना काही मिनिटांपुरती डावी बाजू परत मिळते; तोल सांभाळणारी यंत्रणा ढवळली जाते आणि लक्षाचा काटा डावीकडे सरकतो. १९९८ साली फ्रान्समध्ये इव्ह रोसेटी आणि सहकाऱ्यांनी दृश्य उजवीकडे सरकवणारे लोलकाचे चष्मे वापरले. ते घालून थोडा वेळ बोटानं नेम धरायचा सराव केला, आणि चष्मा काढल्यावर निदान दोन तास तरी डावीकडचं भान सुधारलेलं राहिलं.

आमच्याकडे लाल रेघ होती. फिजिओथेरपिस्टनी सांगितलं, वर्तमानपत्राच्या डाव्या कडेला जाड लाल रेघ ओढा आणि त्यांना सांगा, रेघ दिसेपर्यंत मान वळवायची, मगच वाचायचं. त्याआधी आत्या ‘अविश्वास ठराव’ला ‘विश्वास ठराव’ वाचत असे आणि विरोधकांना हे कसं सुचलं म्हणून चकित होत असे. रेघेनं ते बरंचसं थांबलं. रांगोळीचं थांबायला वेळ लागला. दिवाळीत तिनं पाटावर कागद घेऊन अकरा ठिपके अकरा ओळींची काढायला घेतली; ठिपके मीच मांडून दिले होते. तिनं उजवीकडचे ठिपके जोडले, एकही रेष न चुकता, पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, “झाली.” मी कागद फिरवला. तिनं माझ्याकडे पाहिलं, परत पेन उचललं.

आता तिला येऊन सव्वा वर्ष होईल, आमच्याकडे, पुण्याला. जेवण संपलं असं वाटलं की ती थांबते. उजव्या हातानं ताटाची कड धरते आणि ताट हळूहळू फिरवते. परवा मी विचारलं, “आता दिसतं का डावीकडचं?”

“नेहमी नाही दिसत,” ती म्हणाली. “असणार, म्हणून फिरवते.”

तिची खाट आम्ही मुद्दाम अशी लावली आहे की माझी जागा तिच्या डावीकडे येते. दिवा मालवायच्या आधी ती मान वळवते. सहज वळत नाही ती, ढकलल्यासारखी वळवावी लागते, तिच्या लेखी जिथं काही नाही त्या बाजूला.

“आहेस का गं?”

“आहे.”